मारियोचं क्रॉस स्टिच: डिझाइन घरीच कसं बनवायचं?

भाच्यासाठी मारियो भरायचाय, डिझाइन कुठून आणू असं विचारलंय ना, तर विकत घेऊच नका, १९८५ चा जुना सुपर मारियो ब्रदर्स हा व्हिडिओ गेम घ्या, त्यातला छोटा मारियो फक्त १२ बाय १६ पिक्सेलचा आहे आणि रंग तीनच, म्हणजे एक पिक्सेल (चित्राचा एक चौकोनी ठिपका) एक फुली (× आकाराचा टाका), ग्राफ पेपरवर अर्ध्या तासात उतरतो.

फक्त एक पिक्सेल एक फुली केलं तर १४ काउंटच्या, म्हणजे एका इंचात १४ चौकोन बसणाऱ्या कापडावर तो जेमतेम इंचाहून थोडा उंच होतो. म्हणून एका पिक्सेलला ३ बाय ३ फुल्या धरा, ३६ बाय ४८, उंची साडेतीन इंचाच्या आसपास, फ्रेमला मस्त. आणि नेटवरचा मोठा केलेला धुरकट फोटो वापरू नका बरं, त्याच्या कडांना नसलेले रंग शिरतात न मग धागे उगाच वाढतात.

सामान नागपूरच्या इतवारीत किंवा सीताबर्डीला भरतकामाच्या दुकानात विचारा. मॅटी (हेच चौकोनी विणीचं कापड) घेताना एका इंचात किती चौकोन बसतात ते पट्टीनं मोजाच, ११ निघाले तर हाच मारियो सव्वाचार इंचाहून थोडा उंच होईल. अँकर कंपनीच्या धाग्याच्या लडीत सहा पदर असतात, १४ काउंटला त्यातले दोनच घ्या.

कापड चार घड्या करून मधोमध सुरुवात करा, आणि प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला पाहिजे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते, नाहीतर लाल टोपी डागाळल्यासारखी दिसते. आपल्या उन्हाळ्यात हाताला घाम येतो, पांढरी मॅटी लगेच मळते, जवळ कोरडा रुमाल ठेवा.