पगार युरोत, काम खानापुरात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी संगणक अभियंता असून सहा वर्षे जर्मनीतील एका कंपनीत नोकरीला होते. वडिलांच्या आजारपणामुळे यंदा एप्रिलच्या सुरुवातीला मी खानापूर तालुक्यातील आमच्या गावी कायमची परत आले. कंपनीने राजीनामा न स्वीकारता गावाहूनच काम करण्याची मुभा दिली आणि जूनपासून मी घराच्या माडीवर टेबल मांडून काम करीत आहे. पगार अजून जर्मनीतील माझ्या खात्यातच जमा होतो व त्यातून तेथील करही कापला जातो. गावातील जाणती मंडळी सांगतात की बाहेरच्या पैशावर इथे कर नसतो. आखाती देशात असलेल्या माझ्या आतेभावाने आजवर येथे कर भरलेला नाही. मलाही हे लागू होते काय?
— एक वाचक भगिनी, ता. खानापूर

उत्तर : नाही. आपल्या आतेभावाच्या बाबतीत गावकऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण तो तेथे राहतो, तेथेच काम करतो आणि उरलेला पैसा घरी पाठवतो. आपण मात्र काम खानापूर तालुक्यात बसून करता. पगार देणारी कंपनी कोणत्या देशातली आहे किंवा तो कोणत्या बँकेत जमा होतो, यावरून कर ठरत नाही. नोकरीचे काम प्रत्यक्ष कोठे केले जाते, हे आधी पाहिले जाते. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार हे भारतातच निर्माण झालेले उत्पन्न असते. बेळगाव, खानापूर, चिकोडी या भागातील अनेक घरांत वर्षानुवर्षे आखातातून पैसा येत आला आहे, त्यामुळे हा गैरसमज मुळीच अस्वाभाविक नाही, पण तो महाग पडतो.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आपल्यासारख्याच एका तरुणाचा पगार परदेशातून येथील बँकेत येत असे आणि बँकेतील कर्मचाऱ्याने नेहमीच्या सवयीने प्रत्येक रकमेला ‘कुटुंबाच्या निर्वाहासाठी’ असा पर्पज कोड (पैसा कशासाठी आला हे सांगणारी खूण) लावला होता. दोन वर्षांनी आयकर खात्याची नोटीस आली, तेव्हा हा पैसा आपल्याच श्रमाचा आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याला करारपत्र, पगारपत्रके आणि ई-मेल यांची चळत घेऊन फिरावे लागले. शिवाय कर आणि त्यावरील व्याज भरावे लागले ते वेगळेच. म्हणून येथील खात्यात पहिली रक्कम जमा होण्याआधीच शाखेत जाऊन हा पगार आहे असे लेखी द्यावे आणि प्रत्येक रकमेची परकीय चलन जमा झाल्याची सूचना जपून ठेवावी.

आता जर्मनीतील करकपातीविषयी, कारण आपले खरे नुकसान तेथे होत आहे. भारत आणि जर्मनी यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. त्यानुसार भारताच्या रहिवाशाने भारतात बसून केलेल्या नोकरीच्या पगारावर कर लावण्याचा अधिकार भारताचा आहे. जूननंतरची कपात केवळ कंपनीच्या पगारविभागाने जुनी पद्धत तशीच चालू ठेवल्यामुळे होत असावी. ‘तेथे कापलेला कर येथे वजा करून घेऊ’ असे गृहीत धरू नका. करारानुसार जर्मनीला जो कर घेण्याचा अधिकारच नव्हता, त्याची वजावट भारतात नाकारली जाऊ शकते आणि मग तो जर्मन करकार्यालयाकडून परत मागावा लागतो. भारतीय आयकर खात्याकडून रहिवासी असल्याचे प्रमाणपत्र मिळवून ते कंपनीला पाठवावे आणि कपात थांबवण्यास लेखी कळवावे.

कपात थांबली की संपूर्ण पगार हातात येतो, आणि खरी कसोटी तेव्हा लागते. कंपनीचे भारतात कार्यालय नसल्यास टीडीएस, म्हणजे पगारातूनच कर, कापणारे कोणी नसते. कर आपण स्वतः आगाऊ भरायचा असतो. १५ जूनपर्यंत अंदाजित कराच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण रक्कम जमा झाली पाहिजे, अन्यथा व्याज लागते. माझा आग्रह असा की पगार आला त्याच दिवशी कराचा वाटा वेगळ्या खात्यात टाकावा. घरात आजारपण असताना हाताशी असलेला पैसा खर्च होतोच, आणि त्यात कोणाचा दोष नसतो.

परकीय चलनविषयक कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या दृष्टीने आपण कायमच्या परतल्यापासूनच निवासी आहात. एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीचे) खाते असल्यास बँकेला कळवून ते बदलून घ्यावे. परदेशात राहत असताना कमावलेली जर्मनीतील शिल्लक तेथे ठेवण्यास हरकत नाही, पण आताचा पगार भारतात आणावा. आयकराच्या दृष्टीने मात्र, सहा वर्षांत आपण वर्षाला तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ येथे राहिला नसाल, तर पहिली दोन वर्षे बहुधा आपण ‘सामान्यतः निवासी नसलेल्या निवासी’ ठराल. त्यामुळे येथील पगारावरचा कर चुकत नाही, परंतु जर्मनीतील जुन्या ठेवींच्या व्याजापुरता दिलासा मिळतो. तो काळ संपल्यावर परदेशी खाती विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक आहे. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

आपण विचारले नाही, तरी एक सांगणे मला आवश्यक वाटते. परदेशी कंपनीशी थेट करार असेल, तर सहसा भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि उद्या गृहकर्ज हवे झाले तर बँकेला दाखवायला टीडीएसचा दाखलाही नाही. नोकरीऐवजी सल्लागार म्हणून बिले देण्याचा मार्ग कंपनीला सोयीचा असतो, कारण त्यात तिच्यावर कोणतीच जबाबदारी राहत नाही. आजारी वडिलांचा भार असलेल्या माणसाने तो सहजासहजी स्वीकारू नये. परदेशी कंपन्यांच्या वतीने भारतात कर्मचारी नेमणाऱ्या संस्था आता आहेत. अशा संस्थेमार्फत नेमणूक झाल्यास पगार रुपयांत मिळतो, कर आणि भविष्यनिर्वाह निधी दरमहा कापला जातो आणि भारतीय कामगार कायद्यांचे संरक्षणही मिळते. संस्थेचे शुल्क कंपनीला द्यावे लागते, म्हणून ती कुरकुर करील. परंतु तिने आपला राजीनामा स्वीकारला नाही, यावरूनच तिला आपली गरज आहे हे दिसते. ही मागणी आताच करावी.

जर्मनीत पाच वर्षांहून अधिक काळ पेन्शन विमा भरलेला असल्याने निवृत्तीच्या वयात तेथील पेन्शनवर आपला हक्क राहतो. तो विमा क्रमांक आणि दरवर्षीची पत्रे टाकून देऊ नयेत. परत जाण्याचा विचार मनात असेल, तर तेथील निवास परवान्याची चौकशी लगेच करावी. सामान्यतः सहा महिने, आणि ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना) असल्यास बारा महिने देशाबाहेर राहिल्यास तो संपतो. कायमचे सोडून गेल्याचे दिसल्यास त्याआधीही संपू शकतो.

प्रश्न : मी निपाणीत राहून एका अमेरिकन कंपनीसाठी कंत्राटाने संकेतस्थळांची कामे करतो. वार्षिक जमा १४ लाख रुपयांच्या आसपास आहे. सरकारी कामकाज कन्नडमधून चालते आणि मला कन्नड वाचता येत नाही, म्हणून कागलच्या मामांच्या पत्त्यावर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी करावी काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : कन्नड कागदापुढे होणारी अडचण मी जाणतो, पण हा मार्ग धरू नका. ज्या राज्यातून सेवा दिली जाते, त्याच राज्यात नोंदणी करावी लागते. आपण निपाणीत बसून काम करता, तेव्हा कागलचा पत्ता ही खोटी माहिती ठरेल आणि पडताळणीत मामाही अडचणीत येतील. शिवाय सेवांसाठीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांची असल्याने आज आपल्याला नोंदणीची सक्तीच नाही. पुढे ती ओलांडली, तर परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात मानली जाते आणि दर आर्थिक वर्षी हमीपत्र दाखल केल्यास त्यावर कर भरावा लागत नाही. जीएसटीचे संकेतस्थळ इंग्रजीत आहे, त्यामुळे भाषेची अडचण तेथे येणार नाही. पत्त्यासाठी वीजबिल, आणि घर वडिलांच्या नावे असल्यास त्यांचे संमतिपत्र जोडावे. अमेरिकन कंपनी आपल्याकडून डब्ल्यू-८बेन हा अर्ज मागेल. आपण अमेरिकेचे करदाते नसल्याचे ते निवेदन आहे, ते निपाणीचाच पत्ता लिहून द्यावे.

मात्र कर्नाटकाचा व्यवसाय कर स्वतंत्र व्यावसायिकालाही लागतो. राज्यघटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ही नोंदणी अजून केली नसेल, तर या महिन्यातच करून घ्यावी.