गोळीने कुत्रा गुंगीत राहतोय का?

प्रश्न: ताई, आमचा ब्रूनो 4 वर्षांचा आहे. आम्ही नुसत्या चपला घातल्या तरी धापा टाकायला लागतो, घरी परत यावं तर दारापाशी लाळेचं थारोळं, आणि दार ओरबाडून नखातून रक्त. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन (भीती कमी करणारी गोळी) चालू केलं, आज 18 दिवस झाले, फरक शून्य, उलट खाणं कमी झालंय आणि पडून असतो. सासूबाई म्हणतात मुक्या जीवाला गुंगी देऊन ठेवलंय. बंद करू का?

उत्तर: अगं, स्वतःच्या मनाने बंद नको करूस. रक्त येईपर्यंत दार ओरबाडणारा कुत्रा हट्ट करत नसतो गं, तो जिवाच्या आकांताने घाबरलेला असतो. आणि 18 दिवस म्हणजे काहीच नाही, ही काही पेनकिलर नाही की तासाभरात उतार पडेल, साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, कधी 8 सुद्धा. सुरुवातीला भूक मंदावणं, सुस्ती येणं बऱ्याच कुत्र्यांत दिसतं, पण डॉक्टरांना आजच फोन करून सांग, डोस कमी करून हळूहळू वाढवता येतो. गोचिडांसाठी अमिट्राझवालं काही लावत असाल तर तेही सांग, या गोळीबरोबर ते चालत नाही. खाणं पूर्ण बंद झालं, अंग थरथरायला लागलं किंवा फिट आली तर मात्र थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

सासूबाईंना सांग, डोस नीट बसला की कुत्रा पेंगत नाही, खेळतो, भुंकतो, फक्त भीती आटोक्यात येते. तसाच पेंगत राहिला तर डोस किंवा औषध बदलायचं, त्याला तसंच ठेवायचं नाही.

आता खरं काम. इतकी भीती असताना शिकवलेलं डोक्यात शिरतच नाही, गोळीमुळे ते शिरायला लागतं, म्हणून नुसत्या गोळीवर सोडू नकोस. चपला घाल आणि सोफ्यावर बस. किल्ली उचल, परत ठेव. त्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा पंजांवर टेकवली की ती पायरी जमली समज, मग दार उघडून बंद, मग 5 सेकंद बाहेर, आणि तो धापा टाकायच्या आत तू परत घरात. तोवर त्याला एकटं ठेवू नका, हे सगळ्यात कठीण आहे मला माहितीये, पण प्रत्येक वेळी घाबरला की केलेली मेहनत मागे जाते. सासूबाई घरी असतील तर त्यांनाच त्याच्याजवळ बसायला सांग, त्यांचा जीव आहे त्याच्यावर म्हणून तर बोलतायत.

आमच्या राणी कुत्रीचा गोळीचा पाचवा आठवडा होता, मी कचरा टाकून आले तर ती चटईवरून उठलीसुद्धा नव्हती, शेपटी दोनदा आपटली फक्त. मी दारातच रडले. 2 आठवड्यांनी परत लिही, आणि या सरावात बाहेर जाताना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेव, डॉक्टरांना तो व्हिडिओ दाखव.