"बायका ठेवत नाही" म्हणणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला काय विचारायचं

ताई, तुमच्या भाचीकडे जड वाहनाचा परवाना असूनही नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यानं "आम्ही बायका ठेवत नाही, रात्री रस्त्यात काही झालं तर जबाबदार कोण?" म्हणून तिला परत पाठवलं. हे कायद्यात बसतं का, असं तुम्ही विचारलंय. बसत नाही. बाई आहे म्हणून भरतीत डावलायचं नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातही होतं. आता त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेचं कलम ३ तेच सांगतं, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कायद्यानंच बायकांना बंदी किंवा मर्यादा असलेली कामं तेवढी अपवाद. ट्रक चालवायला बंदी नाही. रात्रीच्या कामाला तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते, ती सोय मालकानं करायची.

पण माझ्या मते खरी अडचण त्याच्या आधीच सुरू होते. आपल्याकडे ड्रायव्हर तयार होतो तो क्लीनरकीतून. पोरगा उस्तादाबरोबर गाडीवर चढतो, ताडपत्री ओढतो, रस्सी आवळतो, टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायला शिकतो, रिव्हर्सला मागं उभा राहून "आने दो, आने दो" ओरडतो. रस्ता मोकळा दिसला की उस्ताद स्टेअरिंग हातात देतो. हे सगळं शिकताना झोपायचं त्याच केबिनमध्ये, त्यामुळे मुलीला कुणी क्लीनर म्हणून घेतच नाही. आणि मग मुनीम तिलाच विचारतो, "अनुभव किती?"

अमेरिकेतही गाडी इथंच अडली होती. न्यू प्राइम या ट्रक कंपनीचा नियम होता की बाईला बाईच शिकवणार. शिकवणाऱ्या बायका मोजक्या, म्हणून मुली वाट पाहत बसायच्या आणि पुरुष लगेच रस्त्यावर. तिथल्या समान रोजगार संधी आयोगानं खटला भरला, २०१४ मध्ये न्यायालयानं नियम बेकायदा ठरवला आणि २०१६ च्या तडजोडीत कंपनीला ३१ लाख डॉलर मोजावे लागले. तो नियमही सुरक्षेच्या नावाखालीच केलेला होता, हे मुद्दाम सांगतो.

आपल्या एसटीनं वेगळी वाट धरली. बायकांसाठी अटी सैल केल्या, यवतमाळच्या आदिवासी मुलींना स्वतःच प्रशिक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये एसटीच्या स्टेअरिंगवर बाई बसली. मला हेच पटतं: शिकवायची जबाबदारी मालकावर हवी.

भाचीला सांगा, तोंडी विचारत फिरू नको. परवान्याच्या प्रतीसह अर्ज व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवर पाठव आणि उत्तर लेखी माग. तोंडी नकारावर कामगार कार्यालय फारसं काही करू शकत नाही. लेखी नकार आला, किंवा अर्ज तसाच पडून राहिला आणि त्याच कामावर कमी अनुभवाचा पुरुष घेतला, तर अपर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. दरम्यान बुटीबोरी ते वाडीसारखी दिवसाची फेरी मिळाली तर घ्यावी. अनुभव कागदावर चढतो, मुनीमाचा प्रश्न संपतो.

आणि लैंगिक छळाची भीती असेल तर कामाच्या ठिकाणच्या अशा छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ट्रकलाही लागतो. कामानिमित्त जिथं जावं लागतं ती जागा, मालकानं दिलेलं वाहनसुद्धा, कामाचं ठिकाण धरलं जातं. दहापेक्षा कमी माणसांची फर्म असली तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

नकार लेखी आला की मला कळवा, तक्रारीचा मसुदा मी लिहून देतो.