'मी लाल खोलीत असेन' : शक्यता, संभाव्यता की संभावना?

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या शनिवारच्या बैठकीत येणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. त्या तत्त्वज्ञानातलं एक कोडं मराठीत उतरवताहेत. झोपलेल्या माणसाच्या जागी मनासकट हुबेहूब दोन माणसं तयार केली. एक लाल खोलीत जागा होणार, दुसरा हिरव्या. 'मी लाल खोलीत असण्याची अमुक किती?' यातल्या 'अमुक'च्या जागी शक्यता लिहावं, संभाव्यता की संभावना? आणि 'आयडेंटिटी'ला ओळख म्हटलं तर चालेल का?

ताई, संभावना तेवढी नको. आपल्याकडच्या मुलांना ती गुजराती गणिताच्या पुस्तकातून चिकटते. मराठीत संभावना म्हणजे भिक्षुकाला दिलेली बिदागी, नाहीतर 'साहेबांनी त्याची चांगलीच संभावना केली' यातली खरडपट्टी. आकडा द्यायचा असेल तिथे महाराष्ट्रातल्या दहावीच्या पुस्तकातली संभाव्यता घ्या, बाकी ठिकाणी साधी शक्यता.

ओळखही नको. ओळख दोघांत होते, पटते, निघते. इथे विचारायचंय ते 'हा तोच का?' आणि त्यासाठी मराठीत तोच आणि तसाच असे दोन शब्द आयते आहेत. इंग्रजीचं दोन्हीकडे एकाच 'सेम'वर भागतं. कवळाण्याचा 12 वर्षांचा गोपाळ 1875 मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला. नाव, घर, आईबाप, पोशाख, काहीच तसं राहिलं नाही, तरी माणूस तोच. उलट 1761 मध्ये पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया: तसाच असल्याची ग्वाही देणारे पुष्कळ निघाले, पण तोच नव्हता म्हणून 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. आपल्या कोड्यातले दोघंही तसेच आहेत, आणि तोतया कोणीच नाही. तोच म्हणावं तर दोघांना म्हणावं लागेल, मग ते एकमेकांचेही तोच होतील, आणि तसे तर ते नाहीत. डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने 1984 च्या ग्रंथात इथवर येऊन सरळ म्हटलं की तोच कोण हा प्रश्न आपण समजतो तेवढा मोलाचा नाहीच, मनाचा धागा पुढे चालू राहिला की पुरे. मला हे पटतं, रात्री अकरानंतर जरा कमी.

तर 'आयडेंटिटी'ला 'तोच असणं' असंच लिहा. तादात्म्य हा शब्द नाटक बघताना लागतो, त्याला तिथेच राहू द्या.

एक न विचारलेलं. तुमच्या मसुद्यात दुसऱ्या माणसाला 'नक्कल' म्हटलंय. रावपुऱ्यात कागद प्रमाणित करून घेतला की त्यावर 'खरी नकल' असा शिक्का बसतो. गुजरातीत ते रास्तच आहे, पण मराठी कानाला नक्कल खरी कशी असेल असं वाटून मी दर वेळी मनात हसतो. नक्कल म्हटलं की अस्सल कुठेतरी असणार हे आपण धरूनच चालतो, आणि कोड्यात नेमकं तेच धरायचं नाहीये. 'प्रत' लिहा. पुस्तकाच्या हजार प्रतींत मूळ प्रत कुठली असं कोणी विचारत नाही.

आता खरी गोम 'असेन'मध्ये आहे. हे रूप भविष्यकाळाचं, पण 'बाबा आत्ता मांडवीपाशी असतील' यात भविष्य कुठाय? तो आत्ताचाच अंदाज आहे. स्वतःबद्दल असा अंदाज आपण क्वचित करतो. मुंबईच्या रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर जाग येते, बाहेर काळोख, तेव्हा: 'आत्ता मी भरूचला असेन की सुरतेला?'

झोपण्याआधी तो माणूस म्हणतो, 'उद्या मी लाल खोलीत असेन.' हे भाकीत झालं. पण काय घडणार यातलं त्याला न कळलेलं काहीच उरलेलं नाही: एक प्रत लाल खोलीत, एक हिरव्या, ठरलेलं. फासा टाकलाच नाही तर संभाव्यता कशाची? जाग आल्यावर, डोळे मिटलेले असताना, तो अक्षर न बदलता तेच वाक्य म्हणतो, 'मी लाल खोलीत असेन.' आता मात्र ते बर्थवरचं वाक्य आहे. त्याला खरोखरच ठाऊक नाही, आणि 1/2 हा आकडा इथे शोभतो. अ‍ॅडम एल्गा या तत्त्वज्ञाने 2004 च्या लेखात मांडलंय की आतून अगदी सारख्याच भासणाऱ्या अवस्थांना सारखाच वाटा द्यावा. म्हणजे हिरव्या खोल्या नऊ केल्या आणि प्रत्येकीत एक प्रत ठेवली, तर लालच्या वाट्याला 1/10. कोडं घालणारे पहिल्या 'असेन'वरून दुसऱ्यावर कधी उडी मारतात ते कळत नाही, कारण शब्द तोच. इथे तसाच नव्हे, अगदी तोच.

म्हणून भाषांतरात झोपण्याआधी 'एक प्रत लाल खोलीत जागी होईल' लिहा आणि पुढे आकडा मागू नका. जाग आल्यावर 'मी लाल खोलीत असेन याची संभाव्यता किती?' असं बिनधास्त विचारा.

एक अडचण मात्र मलाही सुटलेली नाही. झोपायच्या आधी त्याने 'मी उठेन' म्हणावं की 'आम्ही उठू'? 'आपण उठू' म्हणावं, तर ज्याला बरोबर घ्यायचं तो अजून झालेलाच नाही. शनिवारी बोलू.