व्हिडिओ बंद कर, आधी मास्तर शोध

अरे,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. चीगाँग, म्हणजे श्वास आणि संथ हालचालींचा चिनी व्यायाम, व्हिडिओ बघून करतोयस, रोज चाळीस मिनिटं मोबाईल समोर ठेवून झाडासारखा उभा राहतोयस, श्वासाचे प्रयोग करतोयस, गेल्या आठवड्यात पाठीच्या कण्यातनं गरम लाट वर गेली, हात आपोआप हलायला लागले आणि त्यानंतर दोन रात्री झोप नाही. आणि हे तू आनंदानं लिहिलंयस, "मावशी, ची जागी झाली!" ची म्हणजे चिनी लोक मानतात ती शरीरातली प्राणशक्ती. मला मात्र काळजी वाटली रे, म्हणून लगेच लिहायला बसले. आजपासून ते उभं राहणं आणि श्वासाचे प्रयोग दोन्ही थांबव. पंधरा दिवस नुसतं चाल, वेळेवर जेव, झोप. झोप परत आली नाही किंवा विनाकारण भीती, आवाज असं काही वाटलं तर सरळ सायकियाट्रिस्टकडे जायचं, आणि आईला आजच सांग.

चीनमधे याला जुना शब्द आहे, झोउ हुओ रू मो, म्हणजे आग भलतीकडे गेली आणि भूत आत शिरलं. 1980च्या दशकात तिथे चीगाँगची प्रचंड लाट आली होती, मोठमोठ्या हॉलमधे मास्तर भाषण द्यायचे आणि समोरचे लोक रडायचे, थरथरायचे, त्यातले काहीजण पुढे खरंच मानसिक आजार घेऊन डॉक्टरांकडे पोचले. 1994 साली अमेरिकन सायकियाट्रिस्टांच्या निदानाच्या मॅन्युअलमधे पण याची नोंद झाली, आणि त्यात म्हटलंय की जे यात फार बुडून जातात त्यांना धोका जास्त. बागेत रोज वीस मिनिटं करणाऱ्या आजीबाईंना सहसा काही होत नाही, एकट्यानं, बघायला कुणी नसताना त्यात बुडून जाणाऱ्या तुझ्यासारख्याचीच भीती वाटते.

आणि प्रत्येक मुंग्या म्हणजे ची नसते. जोरजोरात श्वास घेतलास की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांत, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. श्वास कोंडून पोट आवळलंस की बीपी एकदम चढतं. एकाच जागी पाय थकेपर्यंत उभा राहिलास की मांड्या थरथरणारच. चांगला शिक्षक हे बघतो आणि म्हणतो, श्वास सोड, खांदे सोड, आज एवढंच. व्हिडिओतला माणूस तुला बघत नसतो.

माझं सांगते. ताई ची म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, तिच्या माझ्या पहिल्या क्लासमधे आम्हाला पहिल्याच महिन्यात गुडघे वाकवून खूप खाली बसायला लावलं, जितकं खाली तितकं भारी असं वातावरण, आणि मी पण जिद्दीनं बसले. वजन असलेल्या पायावर वळताना कंबर वळली नाही की सगळा पीळ गुडघ्यात जातो, हे कुणी सांगितलंच नाही. सहा महिन्यांत जिना उतरताना रडायची वेळ आली. पुढे नोकरीसाठी सिंगापूरला गेले तिथे बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत एक म्हातारे सिफू, म्हणजे गुरुजी, शिकवायचे, त्यांनी तीन महिने मला फॉर्मच, म्हणजे हालचालींची ठरलेली मालिकाच, दिली नाही. फक्त वजन या पायावरनं त्या पायावर, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनं, वळायचं ते जांघेच्या सांध्यातनं, चिनी लोक ज्याला क्वा म्हणतात तिथनं. आणि उभं राहायचं तर गुडघे फार न वाकवता, पाच मिनिटं. इतका राग यायचा! पण माझ्या मामांच्या कोल्हापूरच्या तालमीत पण हेच होतं की, नव्या पोराला वस्ताद आधी माती उकरायला लावायचे, मग जोर-बैठका, कुस्ती कितीतरी नंतर. मला हे तेव्हा आठवलं आणि मग राग गेला.

म्हणून मास्तर शोधताना त्याच्या गोष्टी ऐकू नकोस, त्याचे दहा वर्षांचे जुने विद्यार्थी बघ. त्यांचे गुडघे, पाठ कशी आहे, ते शांत आहेत का मास्तरांच्या नावानं कापतात, घरच्यांशी बोलतात का. क्लास आधी बसून बघू देत नसेल तर तिथनंच परत ये. तो कुणाकडे किती वर्षं शिकला हे सरळ विचार, खरा माणूस सरळ सांगतो. ताई चीचं मूळ गाव म्हणतात ते चेन गाव चीनच्या हेनान प्रांतात आहे, तिथे आठवडाभर जाऊन फोटो काढून येणारे पण असतात. आणि न स्पर्श करता विद्यार्थ्यांना उडवणारा दिसला तर अजिबात थांबू नकोस. 2017 मधे चीनमधल्या चेंगदू शहरात एका एमएमए (सगळ्या प्रकारच्या मारामारीची मिश्र स्पर्धा) फायटरनं ताई ची मास्तर म्हणवणाऱ्याला काही सेकंदांत खाली पाडलं, ते सगळ्या जगानं बघितलं. तुला लढाई शिकायची असेल तर जो तुला सावकाश धक्का देऊ देतो आणि हार मानून हातानं थोपटलंस की लगेच सोडतो तोच बरा, सांधे पिळण्याचे डाव ईर्ष्येनं शिकायचेच नाहीत.

बोधिधर्म नावाच्या बौद्ध भिक्षूनं भारतातनं जाऊन हे सगळं चीनला शिकवलं अशी गोष्ट तुला कुणीतरी सांगेलच. ऐकायला छान वाटते, पण स्नायू बदलण्याच्या ज्या पुस्तकाशी त्याचं नाव जोडतात ते 17व्या शतकातलं, तो त्याच्या हजारएक वर्षं आधीचा. आपला अभिमान बाजूला ठेवून शिक, चिनी लोकांनी हे स्वतः घडवलंय.

आणि बीपीच्या, डोक्याच्या, कसल्याही गोळ्या बंद कर म्हणणारा माणूस शिक्षक नाही, तिथून त्याच दिवशी निघायचं. हर्निया, काचबिंदू असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग क्लास, आणि शिक्षकाला पण सांगून ठेवायचं. आधी सांगितलं तर राग येणारा शिक्षक पण नको.

डॉक्टर हो म्हणाले की बा दुआन जिन या चीगाँगच्या प्रकारापासून सुरू कर, आठ हालचाली, सगळ्या उभ्यानं, खाली बसायची सक्ती नाही, 2003 साली चीनच्या सरकारी क्रीडा खात्यानं जे चार प्रकार प्रमाणित केले त्यातला हा एक, म्हणून बरेच शिक्षक एकसारखं शिकवतात आणि चुकलं तर पटकन कळतं. श्वास नैसर्गिक ठेव, मोजू नकोस.

तू सांगितलेल्या क्लासचा पत्ता पाठव. शनिवारी बघायला जाशील तेव्हा मला फोन कर, मी व्हिडिओवर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना चालताना बघते. आणि काल रात्री झोप लागली का ते आधी कळव.

तुझी मावशी