मोठी कंपनी मुख्यालय बांधायला आली की शहर करात सवलत देतं, तो जनतेच्या पैशाचा अपव्यय नाही का? ही बोलणी नेमकी होतात कशी?

हा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमच्या घरात नोव्हेंबर 2018 पासून याच विषयावर वाद चालू आहे, आणि ज्या सवलतीवरून तो आहे तिचे अर्ज मी स्वतः भरलेत.

13 नोव्हेंबर 2018 ला अ‍ॅमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयाच्या जागा जाहीर केल्या. 238 प्रस्तावांतून दोन निवडल्या: व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं लाँग आयलंड सिटी. दोन्हीकडे 25,000 नोकऱ्या. त्याच आठवड्यात शनिवारी ताईकडे न्यू जर्सीत एडिसनला फराळाला गेलो होतो. चप्पल काढतोय तोवर भाऊजी म्हणाले, "तुमच्या महापौरांनी आणि गव्हर्नरांनी मिळून 300 कोटी डॉलर उचलून दिले की रे! तेवढ्यात सबवे दुरुस्त झाली असती."

मी लाँग आयलंड सिटीतल्याच एका छापखान्यात हिशेब बघतो. 2011 साली आम्ही मॅनहॅटनमधून नदीपलीकडे आलो, माणसं चौदा. मॅनहॅटनचा 96व्या रस्त्याच्या दक्षिणेचा भाग सोडून जो धंदा बाहेरच्या बरोमध्ये, म्हणजे शहराच्या क्वीन्ससारख्या विभागांत, ठरलेल्या भागात जातो आणि अटी पुऱ्या करतो, त्याला शहर दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला 3,000 डॉलर करातून सोडतं, बारा वर्षं. या योजनेला 'रीप' म्हणतात. ती कोणी आमच्यासाठी काढली नव्हती आणि अ‍ॅमेझॉनसाठीही नव्हती. अटीत बसलात तर मिळते, नाहीतर नाही.

आणि ती सहज मिळते असं कोणी समजू नये. आधीच्या जागी सलग दोन वर्षं धंदा चालू होता हे दाखवायला भाड्याच्या पावत्या, विजेची बिलं, पगारपत्रकं अशी जाड फाइल मी रात्री जागून लावली होती. पुढे दरवर्षी डोकी मोजायची. दुसऱ्या वर्षी आमचा डिलिव्हरीवाला ऑगस्टमध्ये सोडून गेला. मालक म्हणाले, "धर ना त्याला वर्षभर, कोण बघतंय?" मी धरला नाही. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण माणूस नाही तर सवलत नाही, हा त्या योजनेचा गाभा आहे, आणि तो मला पटतो.

तर त्या दिवशी मी फराळाची कागदी ताटली उलटी केली आणि भाऊजींसमोर गणित मांडलं. 25,000 माणसं, माणशी 3,000, बारा वर्षं, म्हणजे 90 कोटी. शहराने रीपसाठी धरलेला अंदाज 89.7 कोटींचा होता. शिवाय मालमत्ता करातली सूट सुमारे 38.6 कोटी, तीही कायद्यातच होती. उरलेली मुख्य रक्कम राज्याची: 120 कोटींपर्यंत कर-परतावा, दहा वर्षांत, दिलेल्या पगारांच्या प्रमाणात, आणि 32.5 कोटी रोख अनुदान, तेही इमारती वापरात येतील तसतसं. म्हणजे नोकऱ्याच आल्या नाहीत तर देणंही नाही. तिजोरीत 300 कोटींची थैली बांधून ठेवलेली नव्हती!

भाऊजींना पटलं नाही. 14 फेब्रुवारी 2019 ला कंपनीने न्यूयॉर्कमधून माघार घेतली, आणि दुपारीच त्यांचा मेसेज: "वाचले 300 कोटी." कुठे वाचले? कंपनी आल्यावर जो कर मिळाला असता, त्यातला काही भाग सोडायचा होता. कंपनी नाही तर तो करही नाही. सबवेला त्यातून एक डॉलर मिळाला नाही. आणि ज्या न्यू जर्सीत ते राहतात तिथे तर नेवार्कसाठी 700 कोटींचं पॅकेज पुढे केलं होतं. त्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं म्हणाल, तर बोलणी अशी होतात: कंपनी शहराशहरांत चढाओढ लावते, आकडे गुप्त ठेवण्याचे करार करून घेते, आणि कोण किती देतंय हे फक्त तिलाच माहीत असतं. शहराने या लिलावात उतरूच नये. जे सर्वांना लागू आहे ते द्यावं, आणि वरचं काही द्यायचंच असेल तर काम झाल्यावर. व्हर्जिनियाने हे चांगलं जमवलं. तिथे राज्याने नोकरीमागे 22,000 डॉलर कबूल केले, न्यूयॉर्कचा नुसता परतावाच नोकरीमागे 48,000 पडत होता. आर्लिंग्टन काउंटीने स्वतःचे 2.3 कोटी हॉटेल-कराच्या वाढीव उत्पन्नातून द्यायचे ठरवले. राज्याने मोठी रक्कम संगणक-शिक्षणावर आणि रस्ते-मेट्रोवर लावायचं ठरवलं, ती कंपनी गेली तरी राज्याकडेच राहते. मार्च 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनने तिथल्या बांधकामाचा दुसरा टप्पा थांबवला. जी माणसं घेतलीच नाहीत त्यांचे पैसे राज्याला द्यावे लागत नाहीत.

आता भाऊजींच्या बाजूनेही सांगायला हवं. न्यूयॉर्कचा करार नगर परिषदेला बाजूला ठेवून राज्याच्या अधिकारात रेटायचं ठरलं होतं, ते चुकलंच. 32.5 कोटींचं रोख अनुदान कायद्याने आपोआप मिळणारं नव्हतं, ते खास या कंपनीसाठी होतं. कंपनीच्या हेलिपॅडला मदत करायचं कलमही होतं, ते लोकांच्या डोक्यात गेलं, आणि का जाऊ नये? भाडी वाढतील ही क्वीन्समधल्या लोकांची भीतीही खरी होती. आमच्या छापखान्याच्या जागेच्या मालकानेसुद्धा त्याच डिसेंबरात करार नव्याने करण्याचा विषय काढला होता. आणि सवलत नसती तरी कंपनी आली असती का, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. त्यामुळे माझ्या गणितात 'कंपनी सवलतीमुळेच येते' हे गृहीत आहे, ते तुम्हाला मान्य नसेल तर उत्तर बदलेल.

पण विरोध करायचा तर गुप्ततेला करा, रोख अनुदानाला करा. नगर परिषदेसमोर कलम कलम वाचून घ्या. 'इतके पैसे शिक्षकांना दिले असते' असं मात्र म्हणू नका, कारण रोख अनुदान सोडलं तर ते पैसे नव्हतेच.

ताई हे उत्तर भाऊजींना दाखवेलच. भाऊजी, ताटली मी घरी आणली होती, अजून रीपच्याच फाइलमध्ये आहे. त्यातली कुठली बेरीज चुकली ते येत्या दिवाळीत दाखवा.