शेणखत घालूनही माडाची खालची झावळं पिवळी पडतात. झाड मातीतून नेमकं खातं तरी काय?

गुहागरकडच्या जांभ्या जमिनीतले मोठे माड, दर माडाला वर्षाला 50 किलो शेणखत, दुसरं काही नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग झावळं पिवळी पडणारच.

झाड शेण खात नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन, उन्हाच्या जोरावर ते आपलं अन्न पानात स्वतः तयार करतं. मातीतून त्याला हवी असतात ती 14 मूलद्रव्यं, तीही पाण्यात विरघळलेली. गाय गवत पोटात पचवते, बुरशी पाचकरस बाहेर सोडून विरघळलेलं शोषते. माडासाठी हे पचवण्याचं काम मातीतले जीवाणू करतात. शेणातलं नत्र (नायट्रोजन) त्यांनी अमोनियम किंवा नायट्रेट केलं, की मगच ते मुळांत शिरतं. ते ओढून घ्यायला मुळांना हवाही लागते. आळ्यात पाणी तुंबलं तर खत असूनही माड उपाशी.

आता हिशोब बघा. चांगल्या शेणखतात पालाश (पोटॅश) साधारण अर्धा टक्का, म्हणजे 50 किलोत 250 ग्रॅम. केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची मोठ्या माडासाठी वार्षिक शिफारस आहे 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि 1200 ग्रॅम पालाश. त्यात आपली जांभी माती पालाश फारसं धरून ठेवत नाही, पावसात ते वाहून जातं. स्फुरद वाहत नाही, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला जखडून ठेवतात.

खत टाकण्याआधी झावळ हातात घेऊन बघा. पातींवर नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली असतील तर पालाश कमी. उन्हाकडची बाजू पिवळी आणि सावलीतली हिरवी राहिली असेल तर मॅग्नेशियम. दोन्ही जुन्या झावळांतच दिसतात, कारण माड ही द्रव्यं जुन्यातून काढून शेंड्याकडे पाठवतो. शेंड्याची नवी पाती आखडलेली, एकमेकींना चिकटलेली असतील तर बोरॉनचा संशय घ्या. मॅग्नेशियम कमी असताना नुसतं पोटॅश वाढवू नका, पिवळेपणा वाढतो.

शेणखत बंद करू नका. त्याच्या जोडीला वर्षाला युरिया 1.1 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 2 किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश 2 किलो द्या. मॅग्नेशियमची लक्षणं असतील तर मॅग्नेशियम सल्फेट अर्धा किलो. एक तृतीयांश खत पाऊस सुरू होताना, बाकीचं गणपती गेल्यावर, पावसाचा जोर ओसरला की. जुलैच्या धारेत टाकलेलं खत वहाळात जातं. बुंध्याशी ढीग नको. बुंध्यापासून 1.8 मीटरपर्यंतच्या आळ्यात पसरा आणि मातीत मिसळा.

चुलीची राख पालाशसाठी उत्तम, पण युरियात किंवा ताज्या शेणात मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडतं. नारळाच्या सोडणांतही भरपूर पालाश असतं. पण ती पावसात ढिगाने पडून राहिली की ते धुऊन जातं, म्हणून आळ्यातच पुरा.

पिवळी झालेली झावळ पुन्हा हिरवी होत नाही, फरक नव्या झावळांत शोधा. नारळांचं प्रमाण वाढायला तीनेक वर्षं धरा, कारण आज दिसणारी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, फार आधीच आत तयार झालेली असते. आणि पिवळी झावळं पूर्ण वाळेपर्यंत तोडू नका, माड त्यांतलं पालाश अजून काढून घेत असतो.